ह्यांचा चष्मा

काल संध्याकाळी वीज गेली. टॉर्च हातातच होती, तरी मी आधी अंधारात हाक मारली, "अहो." ओ आली नाही, आणि बटणावरचा माझा अंगठा तिथंच थांबला.

खूप वर्षांपूर्वीची गोष्ट, तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. हे रेल्वेत गार्ड. चिरगाँवला ह्यांचे मित्र लखनभैया, त्यांच्या तुरीची रानटी डुकरांनी पार नासाडी केली होती. दिवेलागणीनंतर मी ट्रॅक्टरवर सर्चलाइट धरून उभी होते, शेजारी लखनभैया बंदूक घेऊन. हे पलीकडून डुकरं हाकत येणार होते. शिट्टी सतत वाजवायची, म्हणजे माणूस कुठं आहे ते कळेल, असं ठरलं होतं.

मध्येच शिट्टी थांबली. हिरव्या तुरीचा उग्र वास, इंजिनाची धडधड, आणि उजेडात जमिनीलगत दोन चमकते ठिपके.

"भौजी, लाइट हिलाना मत," म्हणत लखनभैयांनी नेम धरला.

इतके गोल, मोठे डोळे डुकराचे कसे असतील? मी दिवाच विझवला. थोड्या वेळानं त्या काळोखातून शिट्टी आली.

"वाकून बघत होतो," चष्मा पुसत बाहेर येत हे शांतपणे म्हणाले. "पुढं मोकळं दिसल्याशिवाय गार्ड शिट्टी देत नाही."

लखनभैयांनी बंदुकीतली काडतुसं काढून खिशात टाकली. मी मात्र घरी येईपर्यंत ह्यांच्याशी भांडत होते.

काल मी चाचपडत आतल्या खोलीत गेले. हे खुर्चीत गाढ झोपले होते. मी नाकावरचा चष्मा हलकेच काढून ठेवला, आणि मगच टॉर्च लावली.