पिशवी कुणी टाकली

सातारा जिल्ह्यात प्लॅस्टिकची पिशवी आली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिला पहिला वैरी भेटला आणि तो माझ्या धाकट्या बहिणीचा सासरा होता, हे मी कुठंही शपथेवर सांगेन. आणीबाणी उठली त्याच्या आगेमागेची गोष्ट. सांगलीच्या कापडदुकानांतून तेव्हा निळ्या रेघांच्या चकचकीत पिशव्या मिळू लागल्या होत्या. लोक त्या धुऊन दोरीवर वाळत घालत, घडी करून गादीखाली जपून ठेवत, लग्नाला जाताना मुद्दाम सगळ्यांना दिसेल अशा हातात धरत. आणि उंब्रजजवळच्या आपल्या गावी हे गृहस्थ, पलटणीतून हवालदार होऊन परतलेले, आठवडी बाजारात खांद्याला पाच खाकी पिशव्या अडकवून फिरत. जुन्या गणवेशाच्या पँटी उसवून त्या त्यांनी स्वतः मशीनवर शिवल्या होत्या. मिठाची वेगळी, गुळाची वेगळी, भाजीची वेगळी. प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात आकडा. तीन नंबरच्या मालाला चार नंबरमध्ये जागा नसे, मग दुकानदारानं कितीही विनवणी करो.

मी त्यांना मामा म्हणे, ते मला पाव्हणं म्हणत. पहिल्यांदा मी तासगावची द्राक्षं घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी डोक्याचा पटका सोडून द्राक्षं त्यात ओतून घेतली, रिकाम्या पिशवीची चौकोनी घडी घातली आणि "ही तुमची तुमच्यासंगं" म्हणून माझ्या सदऱ्याच्या खिशात कोंबली. पुतण्याच्या लग्नात कुणीतरी पिशवीतून आहेर आणला, तर भर मांडवात त्यांनी आतला फेटा काढून घेतला आणि पिशवी आणणाऱ्याच्या हातात परत दिली. ते पाहुणे पुढं वर्षभर रुसलेले होते. परसात त्यांनी एक खड्डा केला होता. त्यात धोतराचा तुकडा, वर्तमानपत्र आणि एक प्लॅस्टिकची पिशवी पुरलेली होती. दरवर्षी बैलांच्या बेंदराच्या सणाला ते खड्डा उकरत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून दाखवत. धोतराची माती झालेली असे. पिशवीवरचं दुकानाचं नाव मात्र अजून वाचता येई. "हिला मरण न्हाई," ते म्हणत, "ज्येला मरण न्हाई त्येला घरात घेऊ नये." लोक हसत, पण बाजारात ते समोरून येताना दिसले की हातातली पिशवी गुपचूप पदराआड जाई. गावच्या वाण्यानं तर त्यांच्या धास्तीनं पुन्हा कागदाच्या पुड्या बांधायला सुरुवात केली होती.

बहिणीचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. त्या घरात हुकूम मामांचा चाले, पण सत्ता सासूबाईंची होती. दावणीला त्यांच्या माहेराहून रेडकू म्हणून आलेली म्हैस होती. तिला भाकरीचा तुकडा भरवल्याशिवाय सासूबाई स्वतः जेवत नसत.

नागपंचमीला बहिणीला माहेरी न्यायला मी गेलो, तर दारात माणसं जमलेली. म्हैस चार दिवस रवंथ करत नव्हती. तिची डावी कूस ढोलासारखी फुगली होती आणि श्वास लांबूनही ऐकू येत होता. तेल पाजून झालं होतं, पाला झाला होता. शेवटी जनावरांचे डॉक्टर आले होते आणि पोट उघडावं लागेल, जगेलच असं सांगता येत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. सासूबाई म्हशीच्या तोंडाशी बसून होत्या. त्यांनी माझ्याकडं मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

बहिणीनं मला खुणेनं आत बोलावलं. चुलीवर डॉक्टरांसाठी पाणी तापत होतं. ती हळू आवाजात सांगू लागली. मागच्या खेपेला मी तिला साडी आणली होती, त्या साडीची पिशवी मला परत द्यायला तिचं मन झालं नव्हतं. ती तिनं ट्रंकेत साडीखाली लपवली होती. गेल्या आठवड्यात पावसाची झड लागली होती, शिळा भात टाकायचा होता, तेव्हा घाईत तिनं तो त्याच पिशवीत भरला, गाठ मारली आणि उकिरड्यावर टाकून आली. संध्याकाळी बघते तर पिशवी नव्हती, आणि म्हैस दावं तोडून तिथंच उभी होती.

"दादा, आत्याबाईंना कळलं तर त्या मला पुन्हा या घरात घ्यायच्या न्हाईत," ती म्हणाली. सासूला ती आत्याबाई म्हणे.

गप्प राहा, असं मी तिला सांगत होतो. वळून पाहिलं तर दारात मामा उभे. ते तापलेलं पाणी न्यायला आले होते. कधीपासून उभे होते कोण जाणे. त्यांनी फडक्यानं पातेलं धरलं आणि बाहेर नेलं.

डॉक्टरांनी कुशीत भुलीची सुई टोचली आणि चीर दिली. म्हैस उभीच होती. चार गडी तिला धरून होते. डॉक्टरांचा हात खांद्यापर्यंत आत गेला. आधी चाऱ्याचे ओले गोळे निघाले, घमेलं भरलं. मग ते एकदम थांबले, आत काहीतरी चाचपत राहिले, आणि पीळ पडलेला एक लांबट लोळा हळूहळू ओढून त्यांनी दगडावर टाकला. कुणीतरी त्यावर पाणी ओतलं. निळ्या रेघा दिसू लागल्या.

सगळ्यांचे डोळे माझ्याकडं वळले. गावात सांगलीहून येणारा पाहुणा मी एकटाच. सासूबाई उठल्या. आवाज चढवला नाही, एवढंच विचारलं, "कुणी टाकली ही?"

बहीण उंबऱ्यातून पुढं झाली. तिचे ओठ हललेले मला दिसले.

"म्या," मामा म्हणाले. "पाव्हण्यांनी साडी आणली तवाच म्या ती काढून घेतली. पुरायची म्हणून ठिवली, आन् मागल्या आठवड्यात शिळा भात भरून म्याच उकिरड्यावर टाकली. सूनबाई, आत जा. पानी आन."

मग गर्दीतून एकजण म्हणाला, "म्हंजी हवालदार, तुमीच म्हशीला पिशवी चारली म्हना की." मामांनी मान हलवली. "व्हय," म्हणाले.

म्हैस वाचली. त्या वेताचं दूध मात्र आटलं. सासूबाई महिनाभर मामांना चारचौघांत बोल लावत होत्या आणि ते खाली मान घालून ऐकत होते. म्हशीचं पोट उघडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्हाला एसटीवर पोचवायला ते बहिणीची ट्रंक उचलून आले. गाडी दिसली तेव्हा मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"पाव्हणं, पोर नवी हाय," ते म्हणाले. "म्हस उठली, झालं."

झालं मात्र तेवढंच नाही. पुढच्या बाजारात त्यांना पाहून कुणी पिशवी लपवली नाही. वाण्यानं पुड्या बांधणं सोडून दिलं. कुणी त्यांना मुद्दाम हाक मारून निळी पिशवी उंच धरून दाखवी आणि म्हशीची तब्येत विचारी. मामा पाच खाकी पिशव्या घेऊन येत, सामान घेत आणि निघून जात. कुणाला एक शब्दही सांगत नसत. परसातला खड्डा त्यांनी बुजवून टाकला. अख्ख्या आयुष्यात त्यांनी सांगितलेलं ते एकच खोटं असावं, आणि गावानं नेमकं तेवढंच खरं धरलं.

आठेक वर्षांनी मामा गेले. बाराव्याला घराच्या पुढच्या सोप्यात माणसं बसली होती. बोलता बोलता कुणीतरी म्हशीची गोष्ट काढली आणि माणसं हसली. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, प्रेमच होतं. बहीण पाण्याचा तांब्या घेऊन फिरत होती. दोन लेकरांची आई झाली होती ती तोवर. तिनं तांब्या खाली ठेवला.

"ती पिशवी मी टाकली होती," ती म्हणाली.

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी डोळे पुसले नाहीत की सुनेकडं पाहिलं नाही.

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "पयल्या दिसापासनं ठावं हाय. त्येंनी असली पिशवी एक रात तरी घरात ठिवली असती व्हय?"