माझ्या अंगणातलं शेवटचं स्थानक

कलकत्त्याला मुलाकडे आठ दिवस राहिलो आणि त्यातले सहा दिवस ट्राममध्ये बसून काढले. उरलेले दोन दिवस पोट बिघडलं होतं. शहरात उरल्यासुरल्या एका मार्गावर ती ट्राम घंटा वाजवत, कुणावरही न चिडता चालायची. खिडकीशी बसून मी विचार करायचो, आपल्याकडे हे का नाही? ‘आपल्याकडे’ म्हणजे पोलादपूरच्या वर, रस्ता संपतो आणि आमची वाडी सुरू होते, तिथे. मुंबईत पस्तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस निवृत्त होऊन गावी आला की आधी गुडघे धरतात, मग सूचना सुचायला लागतात.

परत आलो तर वाडीत वेगळीच निकड. शेजारची सूनबाई महाडच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागली होती. नवरा मुंबईला, दोन वर्षांची मुलगी सासूपाशी. वाडीतल्याच एका कामगाराच्या मोटारसायकलवर मागे बसून ती जायची. पण तो महिनाअखेर बायकोपोरांसकट महाडला राहायला जाणार होता. पहिली पाळी सातला. आमच्याकडे पहिली एसटी गाडी यायची ती नऊला. दोनदा उशीर चालेल, तिसऱ्यांदा नाही, असं कारखान्यातून सांगून ठेवलेलं. नोकरी गेली तर मुलीला इथे ठेवून मुंबईच्या एका खोलीत दीर-जावांत जाऊन राहायचं, एवढंच तिच्यापुढे होतं. ते तिला अजिबात नको होतं.

उपाय सगळ्यांना ठाऊक होता. वस्तीची गाडी. म्हणजे संध्याकाळी येऊन वाडीत मुक्काम करणारी आणि पहाटे सुटणारी. ड्रायव्हर-कंडक्टरला झोपायला जागा गावाने द्यायची, जेवण घरोघरच्या पाळीने. पूर्वी अशी गाडी होती. रस्ता खचला, गाडी वळवायची जागाही त्याबरोबर गेली, तेव्हा बंद झाली आणि मग तिच्याविना राहायची सगळ्यांनाच सवय झाली.

सूनबाई माझ्याकडे आली. “काका, तुमचं अक्षर चांगलं हाय. आगारात द्यायला अर्ज लिवून द्या. चार ओळी पुरं.”

चार ओळी. पस्तीस वर्षांत मी रजेचा अर्जसुद्धा चार ओळींत लिहिलेला नव्हता.

रविवारी बसलो आणि चार पानं झाली. विषय लिहिला : ‘महाड-पोलादपूर ट्रामसेवा सुरू करणेबाबत.’ बस काय, आज आहे, उद्या नाही, असा माझा मुद्दा होता. रूळ एकदा टाकले की ते गुंडाळून कुणी नेत नाही. जिथे रूळ तिथे दुकानं, दवाखाने, शाळा, सगळं आपोआप येतं. तो मुद्दा मला आजही बरा वाटतो. पण मी तिथे थांबलो नाही. नकाशा काढला. पोलादपूरहून वसाहत, वसाहतीतून महाड, एक फाटा दासगावला. नाते गावालाही एक फाटा दिला, कारण तिथे आमचे व्याही राहतात आणि त्यांच्या दारात ट्राम कुणामुळे आली हे त्यांना कळायला हवं होतं. वाडीपर्यंतचा चढ मी पेन्सिलीने सोडवला. आणि लाल शाईने शेवटचं स्थानक दाखवलं ते माझ्या अंगणात. जागा सपाट, दृश्य चांगलं. शेजारी लिहिलं, ‘प्रतीक्षालय : पडवी.’

वस्तीची गाडी चौथ्या पानावर शेवटच्या ओळीत होती. ट्राम सुरू होईपर्यंतची तात्पुरती व्यवस्था म्हणून.

सह्या सगळ्यांनी केल्या. वाचलं कुणी नाही, कारण अक्षर चांगलं होतं. सूनबाईने पाळीवरून येता येता सही करताना विचारलं, “नीट मागितलंय ना?”

“नुसतं मागितलं नाही, पटवून दिलंय,” मी म्हणालो.

पंधरा दिवसांनी अर्ज परत आला, वर तीन ओळींचं पत्र. ट्राम हा विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही, सबब अर्ज परत. त्यांचं काही चुकलं नव्हतं. विषय वाचून त्यांनी उत्तर दिलं होतं, आणि विषय माझ्या सुवाच्य अक्षरात होता.

सूनबाईने पायरीवर बसून चारही पानं वाचली. बारावी झालेली पोरगी, भरभर वाचते. शेवटच्या ओळीशी थांबली.

“काका, माझी गाडी हितं, तळाला हाय?”

“तात्पुरती म्हणून...”

“मोटारसायकलवाला आठ दिवसांनी जातोय. रूळ कधी टाकताय?”

तिची सासू आत तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, “असू दे गो. भावजींना चढ लागत नाय. पेन्सिलीनं चढतात.”

मी चहा न घेता उठलो. थांबा असं कुणी म्हटलंही नाही.

सूनबाईने वहीचं पान फाडून स्वतः अर्ज लिहिला. खरोखरच चार ओळी. पुन्हा सह्या घेतल्या आणि पाळी सुटल्यावर आगारात नेऊन दिला. चौथ्या दिवशी एक साहेब आणि एक जुना ड्रायव्हर रस्ता बघायला आले. वाडी गोळा झाली.

मी गप्प बसायला हवं होतं. मी ड्रायव्हरला रुळांचे फायदे सांगितले. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “काका, दरड आली की मी अलीकडे थांबतो. माणसं चिखलातनं पलीकडे जातात, पलीकडनं दुसरी गाडी त्यांना घेते. तुमची ट्राम काय करील? दरडीला घंटा वाजवील.”

वाडी हसली. सासू जरा जास्तच.

साहेबांनी विचारलं, “झोपायची सोय? आणि गाडी वळवणार कुठे?”

हसणं थांबलं. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी, रस्ता गाडीच्या लांबीएवढाही रुंद नाही. दिवसाची गाडीही खालच्या वळणावरूनच फिरायची. जागा नसेल तर मंजुरी नाही, साहेब म्हणाले, आणि सूनबाईचा चेहरा उतरलेला मला दिसला.

क्षणभरच. मग तिने पिशवीतून माझा नकाशा काढला. तो तिने ठेवून घेतला होता.

“साहेब, हे बघा. काकांनी आधीच जागा काढून दिलीय. त्यांच्याच हातचं हाय. झोपायला पडवी.”

सगळे माझ्याकडे बघू लागले. त्या अंगणाला मी मागच्याच वर्षी जांभ्या दगडाचे दोन खांब आणि लोखंडी फाटक लावलं होतं, कडेने जास्वंद. फाटकावर नावाची पाटी. गाडी वळायची तर फाटक, जास्वंद आणि एक खांब जाणार होता.

“गाडी सरळ आत येईल, मागं घेतली की झालं,” ड्रायव्हर म्हणाला.

नाही म्हणायला तोंड उघडलं, तर समोर लाल शाईत माझंच स्थानक.

“पाटी काढून ठेवतो,” मी म्हणालो.

महिनाअखेरच्या आत गाडी आली. कंडक्टर माझ्या आरामखुर्चीत झोपतो. पहिल्या पहाटे मी मफलर बांधून गाडीच्या मागे उभा राहिलो आणि अनुभवी माणसासारखं ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणू लागलो. ‘बास’ म्हणायला जरा उशीर झाला. उरलेला खांबही गेला. ड्रायव्हरने खिडकीतून मागे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गाडी काढली. सूनबाई पुढच्या सीटवर डबा मांडीवर घेऊन बसली होती.

संध्याकाळी ती परतली तेव्हा मी जांभ्याचे तुकडे गोळा करून अंगणाच्या बांधावर रचत होतो. मुलीला कडेवर घेऊन ती तशीच माझ्याकडे आली.

“सातला पाच मिनिटं कमी होती, काका,” ती म्हणाली. “हजेरी लावली तेव्हा.”

आणि माझ्या हातातला एक तुकडा घेऊन बांधावर ठेवून आली.