हळदीची चार बोटं

"मॅडम, नोटेवर रक्त उतरलं हो," असं म्हणून काकांनी प्लास्टिकचं पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं. आत विंचू असावा इतक्या जपून.

जुन्या नोटा अस्सल की नकली, आणि कोणत्या अवस्थेत, याचा दाखला देणं हा माझा धंदा. शहरातल्या सदर भागात दोन खोल्यांचं ऑफिस आहे. एक उजेडाची, एक मुद्दाम अंधारी. काका शहराच्या टोकाच्या बेसाहून आले होते. त्यांच्याकडे हैदराबाद संस्थानच्या नोटांचा संग्रह. इंग्रजांच्या काळात नाणी पाडणारी संस्थानं पुष्कळ होती, पण हैदराबाद स्वतःच्या कागदी नोटा काढायचं. त्यांवर उर्दूबरोबर मराठीतही किंमत छापलेली असे. काकांचं अर्धं आयुष्य या नोटांमागे गेलं होतं. आता मुलगी त्यांना बंगलोरला नेणार होती. घर बंद होणार, म्हणून अख्खा संच एका गिऱ्हाइकाला द्यायचं ठरलं होतं, माझ्या दाखल्यावर. त्याला संच पुरा हवा होता. एक नोट कमी झाली तरी सौदा मोडणार.

पाकिटातल्या नोटेवर चार लाल बोटं होती.

"काय केलंत?"

"पिवळे डाग दिसले. म्हटलं, गिऱ्हाईक किरकिर करन. साबनाचं पानी लावलं."

"नोटेला साबण? काका, तुम्हीसुद्धा?"

"अक्कल गहान ठेवली होती, और काय!"

मला हसू आलं. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे स्वयंपाकघरात वावरलेल्या कुणालाही ठाऊक असतं. काका तिकडे फारसे फिरकले नसावेत. पातळ व्हिनेगरमध्ये भिजवलेली कापसाची काडी मी डागाच्या कडेला टेकवली. लाल पुन्हा पिवळं झालं.

"हळद आहे. भूत नाही."

ते हसले नाहीत. "हळद कुठून येईन, मॅडम? मी हातमोज्याबगर हात लावत नाही. कोनाले लावू देत नाही."

मग आम्ही अंधाऱ्या खोलीत गेलो. तिथे अल्ट्राव्हायोलेट दिवा आहे. आजच्या कागदात शुभ्रपणासाठी घातलेलं रसायन त्याखाली निळं चमकतं, जुना कागद काळपट राहतो. नकली नोट बऱ्याचदा अशीच सापडते. काकांनी बाकीचा संच आल्बममध्ये आणला होता; त्यातल्या नोटा मी एकेक करून दिव्याखाली धरल्या. कागद अस्सल होता. आणि प्रत्येक नोटेवर हिरवट पिवळी चार बोटं पेटून उठली. हळद या दिव्याखाली चमकते हे मला माहीत होतं. तरी मी नोट पुन्हा धरून पाहिली. उजेडात जुनाट पिवळेपणा वाटणारा तो ठसा इथे कुणी आत्ताच हात उचलल्यासारखा दिसत होता. डावीकडचं बोट आखूड होतं. त्याला टोकच नव्हतं.

काका खुर्ची ओढून दिव्याजवळ बसले.

"सुमनचा हात हाये," ते म्हणाले. सुमन म्हणजे त्यांची बायको. "विळीवर तुटलं होतं तिचं बोट."

लक्ष्मीपूजनाला काकू या नोटा पूजेत मागायच्या. काका द्यायचे नाहीत. "म्हने, लक्ष्मी घरात कोंडून ठेवता अन् हळद नाही लावत, कसं जी तुमचं? मी खेकसलो तिच्यावर. हात नको लावू म्हटलं."

म्हणजे काकूंनी परस्पर कपाट उघडून पूजा उरकून घेतली होती. मला त्यांचं मोठं कौतुक वाटलं. कोडं सुटलं म्हणून मी उठले.

"पन हे साबनवाली नोट," काका म्हणाले, "सुमन गेल्यावर घेतली. कोरी होती. मीच भिंगानं पायली."

मी पुन्हा बसले. तीही नोट दिव्याखाली धरली. तीच चार बोटं. शेजारच्या नोटेची हळद ओलीने हिच्यावर उतरली असेल, मी म्हटलं. असं होतं. पण उतरलेला ठसा शिक्क्यासारखा उलटा येतो. आखूड बोट उजवीकडे जायला हवं होतं. ते डावीकडेच होतं.

"दिवाळीला घरी कोण होतं?"

"कोनी नाही. ती गेल्यावर दिवाळीच नाही केली. हळदीचा डबा रिकामा हाये, मॅडम."

मी भीत नाही, पण खोलीचं दार तेवढं किलकिलं केलं.

"स्पिरिटने डाग निघेल," मी म्हटलं. "काढू? सौदा वाचेल."

काकांनी हातमोजा उतरवला आणि उघडी बोटं त्या चार बोटांवर ठेवली. आमच्या धंद्यात हा गुन्हा.

"नका काढू," ते म्हणाले. "अन् ह्या नोटेचा दाखलाही नको. इकायची नाही."

"संच मोडेल, काका."

"मोडू द्या. बाकीच्या माह्या हायेत. हे तिची हाये."

सौदा मोडला. आल्बम काकांबरोबर बंगलोरला गेला.

माझ्या फायलीत बाकीच्या नोटांपुढे 'हळदीचे जुने डाग' अशी नोंद आहे. कागदाचं वय मला सांगता येतं. हाताचं कोणी विचारू नये.