जावयाच्या घड्याळाचा थांबलेला काटा

माझ्या एकुलत्या एका मुलीच्या साखरपुड्यात मी होणाऱ्या जावयाला बंद पडलेलं घड्याळ दिलं. निदान भिवंडीतल्या आमच्या नारपोलीत ही गोष्ट अशीच सांगितली जाते, आणि ती अशी पसरण्यात सगळ्यात मोठा हात माझाच आहे.

झालं असं, की मयूरीचं आकाशशी ठरलं. (म्हणजे त्या दोघांनी ठरवलं आणि आम्हाला मागाहून कळवलं. पाहुण्यांना मात्र आम्ही ‘आम्ही ठरवलं’ असंच सांगतो.) मुलगा जवळच्याच कामतघरचा, एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर. इतका मितभाषी, की पहिल्यांदा घरी आला तेव्हा “हो काका”, “नको काका” आणि “निघतो काका” एवढंच बोलला. त्याचे वडील तो लहान असतानाच गेले. आईनं एकटीनं वाढवला. मयूरी मला एकदा हळूच म्हणाली, “पप्पा, त्याला घड्याळ असं कुणी कधी घेऊन दिलंच नाही. दुकानाच्या काचेतली क्रोनोग्राफ बघत नुसता उभा राहतो.”

 माझ्यासारख्या शाळेतल्या क्लार्कला जावयाला गाडी-बंगला देता येत नाही. पण त्याच्या बापाच्या हातून द्यायची राहून गेलेली वस्तू आपण द्यावी, आणि त्यानं आपल्याला ‘काका’च्या जरासं पुढचं काहीतरी मानावं, एवढी एकच इच्छा माझ्या मनात घर करून बसली. आता क्रोनोग्राफ म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं. पण पोटच्या पोरीसमोर अज्ञान कसं दाखवणार? “हां हां, क्रोनोग्राफ! छान असतं ते,” असं मी जाणकारासारखं म्हणालो.

मग मी आणि आमच्या सौभाग्यवती, सुनंदा, मंडईजवळच्या घड्याळांच्या दुकानात गेलो.

“हे घ्या,” सुनंदा म्हणाली. “सोनेरी पट्ट्याचं. लांबून कळतं घड्याळ आहे म्हणून.”

“अगं, हल्लीची पोरं असलं घालत नाहीत. असलं म्हातारी माणसं घालतात.”

“मग तुम्हालाच घेऊ या का?”

दुकानदारानं ट्रेमागून ट्रे काढले. एक घड्याळ एवढं मोठं, की मनगटावर वाटी उपडी घातल्यासारखं दिसत होतं. दुसऱ्याची किंमत ऐकून सुनंदानं ते तान्ह्या बाळासारखं दोन्ही हातांनी उचलून परत ट्रेमध्ये निजवलं. आणि मग ते आलं! निळी तबकडी, स्टीलचा पट्टा, आत तीन छोट्या तबकड्या, बाजूला दोन बटणं. दिसायला एखाद्या पायलटचं आणि किंमत मात्र क्लार्कला झेपणारी.

“ये लो साब, बजट में इससे अच्छा पीस पूरे भिवंडी में नहीं मिलेगा,” दुकानदार म्हणाला आणि त्यानं वरचं बटण दाबलं. सेकंदाचा लांबसडक काटा तुरुतुरु पळायला लागला.

“ये तीन छोटेवाले किसलिए?” सुनंदानं विचारलं. दुकानदारानं सांगायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात मी (घात केला तो इथं!) हात वर केला.

“मालूम है, मालूम है! मी सांगतो तिला. हे लंडनचं टाईम, हे दुबईचं आणि हे न्यूयॉर्कचं.”

“आणि भिवंडीचं?”

“ते मोठ्या काट्यांवर!”

“गोडाऊनमधल्या माणसाला लंडनमध्ये किती वाजले ते कशाला हवंय?”

“माल कुठं कुठं जातो, तुला काय माहीत!”

दुकानदारानं माझ्याकडं एकवार बघितलं, मुकाट्यानं बटणं दाबून काटा जागेवर आणला आणि घड्याळ डबीत घातलं. होत असलेली विक्री बिघडवायची नसते, हे त्याला चांगलं कळत होतं.

साखरपुडा शुक्रवारी ठेवला. त्याला कारण आहे. आमच्या गल्लीत भिंतीला भिंत लागून कापडाचे लूम, म्हणजे यंत्रमाग, आहेत आणि दिवसभर त्यांची खटखट चालू असते. त्यामुळे आम्ही सगळेच जन्मापासून ठणाणा बोलतो. आमच्याकडची कानगोष्टसुद्धा चार घरं पलीकडे जाईल अशा आवाजात होते आणि लूम चालू असल्यामुळेच ती कानगोष्ट राहते! शुक्रवारी लूमना सुट्टी असते. म्हणून साखरपुडा असो की बारसं, आम्ही शुक्रवार धरतो, म्हणजे निदान भाषणं तरी ऐकू येतात.

बुद्धविहाराच्या हॉलमध्ये माणसं गच्च भरली होती. वंदना झाली, अंगठ्या झाल्या. मग मी डबी उघडली आणि घड्याळ स्वतःच्या हातानं आकाशच्या मनगटावर बांधलं. त्यानं घड्याळाकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. मग पुन्हा तबकडीवरून अंगठा फिरवला.  आता हा काहीतरी बोलणार, निदान चार शब्द तरी बोलणार, म्हणून मी कान टवकारले. सगळा हॉल चिडीचूप झाला.

आणि तेवढ्यात गावाहून आलेली माझी थोरली बहीण, आक्का, माझ्या कानाशी वाकून कुजबुजली,

“बाला, ह्यो लांब काटा हालत न्हाय रं! घड्याल बंद हाय!”

बाजूला लूम चालू असते, तर हे फक्त मला ऐकू आलं असतं. शुक्रवार होता! शेवटच्या रांगेतल्या आजोबांनीसुद्धा मान उंचावून विचारलं, “काय बंद हाय?” आणि विहीणबाईंच्या हातातला पेढा तोंडाच्या वाटेवर अधांतरी थांबला.

सांगायला हवं, की त्याच दिवशी सकाळी मी आक्काला शकुन-अपशकुनावर लांबलचक भाषण दिलं होतं. “आपण असलं काही मानत नाही, आक्का! आपण विचार करणारी माणसं!” अजूनही मी काही मानत नव्हतो. फक्त सरळ आकाशच्या मनगटाकडं बघायचं धाडस होत नव्हतं.

मी चोरून बघितलं. खरंच! सेकंदाचा काटा बाराच्या डोक्यावर खांबासारखा उभा. मग मी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. वेळ मात्र दोन्हीकडं तंतोतंत एकच! विचार करणाऱ्या माणसाला याचा अर्थ लावायला कितीसा वेळ लागतो? याचा अर्थ घड्याळ आत्ता, या क्षणी, माझी पोर दुसऱ्या घरची होत असतानाच बंद पडलं होतं!

“आकाशराव,” मी म्हणालो, “पट्टा जरा सैल वाटतोय. द्या इकडं, आत्ता नीट करून आणतो.”

“पट्टा बरोबर बसलाय काका.”

“छे, छे! सैल आहे. मनगट बारीक आहे तुमचं!”

“म्हणजे?” विहीणबाईंनी पेढा खाली ठेवला. “आम्ही पोराला खायला घालत नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला?”

 मी घड्याळ रुमालात गुंडाळलं आणि होणाऱ्या जावयाला, विहिणीला आणि अख्ख्या पाहुणेमंडळींना तसंच सोडून रस्त्यानं पळत सुटलो. नाक्यावर घड्याळं दुरुस्त करणाऱ्या चाचांची टपरी आहे. टपरीवर पडदा!

“चाचा जुम्मे की नमाज को गये,” शेजारचा पानवाला म्हणाला. “बैठो, आते ही होंगे.”

मी स्टुलावर बसलो आणि बिघडलेल्या वस्तूवर आपल्याकडचा पुरुष जे काही उपचार करतो ते सगळे सुरू केले. घड्याळ हलवलं, कानाला लावलं, तळहातावर आपटलं, फुंकर मारली, आणि शेवटी दिसेल ते बटण दाबलं. काटा पळायला लागला!

“चालू हो गया!” मी ओरडलो.

“मुबारक हो,” पानवाला म्हणाला. त्याला काय झालंय ते कळलं नव्हतं, पण माझा चेहराच तसा फुलला होता.

मी वाऱ्यासारखा परत आलो आणि घड्याळ जावयाच्या मनगटावर पुन्हा बांधलं. पाहुण्यांनी (काय चाललंय ते न समजून) पुन्हा टाळ्या वाजवल्या. सगळे जेवायला बसले. मी भातावर वरण घेतलं, पहिला घास उचलला, आणि आक्का पंगतीच्या त्या टोकावरून कुजबुजली,

“बाला, परत मेला रं काटा!”

घास माझ्या हातातून पानात पडला. समोर आकाश बसला होता. त्यानं माझ्या चेहऱ्याकडं बघितलं. मग घड्याळाकडं बघितलं. त्याला काहीतरी बोलायचं होतं, अगदी ओठावर आलेलं दिसत होतं. पण त्यानं दोन्ही बाजूंना बसलेल्या पाहुण्यांवरून नजर फिरवली, डावा हात टेबलाखाली नेला आणि पुन्हा वर काढला.

“चालतंय काका,” तो म्हणाला. “हे बघा.”

काटा पळत होता. माझ्या जिवात जीव आला.

त्यानंतर तो जेव्हा जेव्हा घरी आला, तेव्हा तेव्हा मी “या, बसा” म्हणायच्या आधी त्याचं मनगट बघितलं. काटा दर वेळी पळत होता. मग मी त्यावर सिद्धांत मांडला. हे घड्याळ माणसाच्या अंगातल्या उष्णतेवर चालतं! डबीत ठेवलं की गार पडून थांबतं, हातात घातलं की सुरू होतं. हे मी शाळेत सांगितलं, गल्लीत सांगितलं, विज्ञानाच्या मास्तरांनासुद्धा सांगितलं. ते तास आहे म्हणून घाईनं निघून गेले.

पण मुलीच्या बापाचं मन! एक शंका मिटली की दुसरी तयार. एका रविवारी मी गॅलरीत उभा होतो. आकाश खाली रिक्षातून उतरला, जिन्याशी थांबला, मनगट वर केलं, त्यावर काहीतरी केलं आणि मग वर आला. पुढच्या खेपेलाही तेच. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच! मी सुनंदाला स्वयंपाकघरात गाठलं.

“आकाश घड्याळात वेळ मोजतो.”

“कसला?”

“आपल्याकडं किती वेळ बसावं लागतं, ते मोजतो! सासरी यायचा कंटाळा आहे त्याला. अशा माणसाच्या घरी आपली पोर कशी नांदणार?”

“मला काय विचारता? मयूरीला विचारा.”

मयूरी कपड्यांच्या घड्या घालत होती. माझं बोलणं ऐकून ती इतकी हसली, की घातलेल्या घड्यांवरच बसली.

“अहो पप्पा, ते स्टॉपवॉच आहे! तो मोठा काटा बटण दाबल्यावरच पळतो. एरवी उभाच असतो. सेकंद त्या छोट्या तबकडीत दिसतात.”

“आणि लंडन?”

“लंडन नाहीये त्यात.”

“मग साखरपुड्याला...”

“काहीसुद्धा बंद पडलं नव्हतं. जेवायला बसताना तर त्यानंच बटण दाबून काटा थांबवला होता.”

“मग तो का नाही बोलला?”

मयूरीचं हसू थांबलं. “एवढ्या लोकांत काकांना खोटं कसं पाडू, म्हणाला. आणि काटा उभा दिसला की तुमचा चेहरा पडतो, ते त्याला बघवत नाही. म्हणून जिन्याखाली आला की बटण दाबतो आणि मगच वर येतो. त्यानं सेल लवकर संपतो, मी किती वेळा सांगितलं. पण ऐकत नाही.”

मी गॅलरीत गेलो आणि वाळत घातलेले टॉवेल उगाचच उलटेपालटे करत राहिलो. पोर कुणाच्या हाती देतोय, ही काळजी ठरल्या दिवसापासून माझ्या छातीवर बसली होती. ती तिथं, त्या ओल्या टॉवेलांमध्ये उभ्या उभ्या उतरली. डोळे पुसायला टॉवेल हाताशी होताच.

“आता सांगून टाका त्याला,” मागून सुनंदा म्हणाली. “किती दिवस पळवायचं त्या काट्याला?”

म्हणून पुढच्या रविवारी रिक्षाचा आवाज आला तसा मी खाली उतरलो. आकाश जिन्याशी उभा, बोट बटणावर! मला बघून चोरी पकडल्यासारखा गोरामोरा झाला.

“राहू द्या,” मी म्हणालो. “मला कळलंय.”

“काका, ते... तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून...”

मला खूप काही बोलायचं होतं. तुमच्यासारखा मुलगा मिळाला, आता मी मोकळा, हे सगळं वर गॅलरीत पाठ करून आलो होतो. पण आयत्या वेळी त्यातलं एक अक्षर आठवेना. शेवटी वडीलकीच्या आवाजात जे बाहेर आलं ते एवढंच होतं,

“पाणी आलं होतं आत्ता. हंडे सांडलेत. जिना ओला आहे, जपून चढा.”

आणि कसं जपून चढायचं ते दाखवायला मी पहिली पायरी चढलो. पाय सटकला!

“पप्पा!”

त्यानं मला वरच्या वर झेललं. पप्पा म्हणाला तो मला! काका नाही, पप्पा. गुडघ्यातून कळ येत होती, चप्पल गटारात गेली होती आणि माझ्यासारखा सुखी माणूस त्या वेळी अख्ख्या नारपोलीत नव्हता. पहिल्या मजल्यापर्यंत त्यानं मला एका हातानं कंबरेला आणि दुसऱ्या हातानं दंडाला धरून, एक एक पायरी सांगत नेलं. (गुडघा खरं म्हणजे अर्ध्या जिन्यातच बरा झाला होता. मी सांगितलं नाही.)

सुनंदानं दार उघडलं. माझ्या एकाच पायातल्या चपलेकडं बघितलं, जावयाच्या खांद्यावरच्या माझ्या हाताकडं बघितलं आणि म्हणाली,

“अहो, तुम्ही त्यांना आणायला गेला होता, की ते तुम्हाला आणायला आलेत?”