करवत गप्प झाली तेव्हा

त्या घरात भांडण नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो. गल्लीत नवीन राहायला आलेल्या प्रत्येकाचा तसाच समज व्हायचा. सकाळ झाली की आतून बाईचा आवाज, "अहो! चहा!" आणि लगेच पुरुषाचा त्याहून मोठा, "ओरडतेस कशाला? बहिरा आहे का मी?" एवढं ऐकून नवा शेजारी घाईघाईनं दार लावून घ्यायचा. लावू दे बापडा! त्याला काय ठाऊक, की आत दोघं मांडीला मांडी लावून एकाच बशीतली बिस्किटं खातायत.

तो झाडं छाटायचा. घरावर झुकलेल्या, तारांत अडकलेल्या, वाऱ्यानं मोडायला आलेल्या फांद्या उतरवायच्या, हा त्याचा धंदा. पोरं त्याला मागून भोंगा म्हणायची, आणि त्याला ऐकू येत नाही म्हटल्यावर तोंडावरही म्हणायची. ती दोर धरायची, म्हणून ती दोरवाली. त्याच्या कमरेला बांधलेला दोर वरच्या एका जाड फांदीवरून फिरून खाली यायचा आणि त्याचं टोक हिच्या हातात असायचं. त्याचा पाय सटकला तर त्याला तोलून धरायचं, ही हिची नोकरी. लग्न झालं त्या वर्षापासूनची, आणि एकदाही सुटी न घेतलेली.

त्याची करवत पेट्रोलवर चालायची. चार-सहा हिसके दिल्याशिवाय ती बया जागी व्हायची नाही, आणि जागी झाली की अख्खा रस्ता डोक्यावर घ्यायची. निळा धूर, हातापासून खांद्यापर्यंत चढणारी थरथर, आणि तो आवाज! दुपारची झोप मोडलेली माणसं खिडकीतून काय काय बोलायची. पण तेही ऐकू यायचं नाही, हा त्यातल्या त्यात फायदा.

अशा गोंगाटात वर-खाली बोलणार कसं? म्हणून दोघांनी दोरालाच बोलायला लावलं होतं. एक हिसका म्हणजे थांब. दोन म्हणजे कळलं. तीन म्हणजे ठीक आहेस ना? हे तीनवालं नेहमी खालून वर जायचं. तो वर कामात बुडालेला, त्याला काय सुचणार विचारायचं! ती विचारायची, आणि वरून दोन हिसके आले की तिचा जीव भांड्यात पडायचा. पुढं पुढं ही दोराची भाषा घरातही शिरली. पाहुण्यांसमोर तो नको ते बोलायला लागला की ती त्याच्या सदऱ्याची बाही एकदा ओढायची, आणि गडी वाक्याच्या मधेच गप्प.

आणखी एक गोष्ट ठरून गेली होती, कुणी बसून न ठरवता. वर तो एक काप अर्धा ठेवून दुसऱ्या बाजूला सरकत असला, तरी पेट्रोलचं इंजिन आपलं भक् भक् करत राहायचं. ते पुरतं बंद पडलं म्हणजे काप संपला, फांदी खाली आली, आता झाडाखाली आत जायचं आणि फांद्या ओढून बाजूला काढायच्या. आवाज आहे तोवर बाहेर, आवाज गेला की आत. तिच्या पायांना हे इतकं पाठ झालं होतं, की डोक्याला विचारायची गरजच उरली नव्हती.

आता खरी गंमत सांगतो. करवत सुरू झाली की दोरवालीचं तोंड सुटायचं.

एरवी बाई शांत. नवऱ्याला अहो-जाहो, चारचौघांत खाली मान. पण वर इंजिन गुरगुरायला लागलं की ही खाली दोर धरून, वर बघून, मनातलं सगळं मोठमोठ्यानं बोलून घ्यायची. आणि तेही अरे-तुरे करून! "अरे मेल्या, जपून! माकड आहेस का? काल गुडघा दुखतोय म्हणून कण्हत होतास, आणि आज त्या टोकाला निघालास होय?" मग घरातली गाऱ्हाणी, लेकीची काळजी, आणि मधेच कधीतरी मऊ काहीतरी. इंजिन बंद झालं की हिचं तोंडही बंद. तो खाली उतरून विचारायचा, "काही म्हणालीस?" ही म्हणायची, "छे हो. मी कशाला काय म्हणतेय!"

असं सगळं बरं चाललं होतं. मग त्याचे कान जायला लागले.

आधी पाखरं गेली. मग दाराची घंटा. शेवटी तिनं त्याला जवळजवळ ओढतच कानांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासलं आणि सरळच सांगितलं, "गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते जपा. हे मशीन असंच चालू ठेवलंत तर तेही जाईल." तो म्हणाला, "मशीन सोडून काय माशा मारत बसू?" आणि दुसऱ्या दिवशी कानात कापसाचे बोळे कोंबून पुन्हा झाडावर.

दोरवालीची काळजी मात्र वेगळीच होती. धंद्याचं जाऊ दे. तिला एक गोष्ट त्याला सांगायची होती आणि ती राहून गेली होती. गोष्ट एवढीशीच. तुमच्याबरोबर माझं आयुष्य फार बरं गेलं हो, इतकंच. बघायला गेलं तर काय अवघड आहे? पण तुम्ही करून बघा. चहा झाला, हे ओरडून सांगता येतं. नळ आला, हेही येतं. हे वाक्य ओरडून सांगता येत नाही. तिनं एकदा प्रयत्न केला. तो जेवत होता, डोक्यावर जुना पंखा खडखडत होता, ती शेजारी बसली आणि हळू आवाजात बोलून गेली. तो म्हणाला, "मोठ्यानं बोल की!" तिनं छातीत हवा भरली आणि ओरडली, "पाणी ठेवलंय!" मग मोरीत जाऊन तीच भांडी दोनदा घासली. कान पुरते जायच्या आत हे सांगायचं कसं, याचा तिला घोर लागला.

वाट सापडली ती लेकीच्या गाडीत. लेक टॅक्सी चालवायची. जुनी डिझेलची गाडी विकून तिनं विजेवरची घेतली, तेव्हा बापानं नाक मुरडलं होतं. "ही गाडी आहे की फ्रीज? चालू आहे की बंद, ते तरी कळू दे माणसाला!" पण लेकीनं दोघांना फिरवायचं म्हणून मागं बसवलं. गाडी निघाली. ना घरघर, ना धूर, नुसती सुळकन. जरा पुढं गेल्यावर दोरवाली आपल्याशीच पुटपुटली, "उकडतंय बाई."

आणि भोंग्यानं तिच्या बाजूची काच खाली केली.

दोरवाली बघतच राहिली. लेकीनं आरशातून आईकडे बघितलं. लेकीच्या डोक्यात चक्रं फिरायला लागली. काही दिवसांनी ती एक खोका घेऊन घरी आली. आत बॅटरीवर चालणारी करवत होती. बापानं ती उलटीसुलटी करून बघितली. "खेळणं आणलंस? याला हिसका कुठं मारायचा?"

"मारायचाच नाही, बाबा. बटण दाबायचं."

"मग कामाला लागलोय असं वाटणार कसं?"

"तुम्हाला नाही वाटलं तरी चालेल. फांदीला वाटलं म्हणजे झालं."

महिनाभर ती करवत कोपऱ्यात पडून राहिली. शेवटी दोरवालीनं एका सकाळी पेट्रोलची बाटलीच लपवून ठेवली. त्यानं घर धुंडाळलं, आदळआपट केली, आणि गुरगुरत बॅटरीची उचलली. काम होतं एका मास्तरीणबाईंच्या अंगणात. निलगिरीची एक जाडजूड फांदी त्यांच्या छपराकडे वाकली होती. बाई स्वतः गॅलरीत वर्तमानपत्र घेऊन बसल्या होत्या.

तो वर चढला. बटण दाबलं. लाकडात शिरताना करवत वाजली, पण ती नुसती साखळीची सरसर, मागं इंजिनाची आरडाओरड नाही. खाली दोरवालीचं तोंड सवयीनं सुटलं. आता हा आवाज कुठल्या मापाचा, ते ध्यानात घ्या. पेट्रोलच्या इंजिनाशी झुंजून तयार झालेला तो आवाज, तो काय कुजबुजणार! मास्तरीणबाईंनी वर्तमानपत्र खाली केलं आणि मन लावून ऐकायला लागल्या.

वर त्यानं फांदी वरच्या बाजूनं अर्धी कापली, बोट बटणावरून काढलं, आणि दुसऱ्या बाजूनं कापायला सरकू लागला. करवत एकदम गप्प. भक् भक् नाही, काही नाही.

खाली दोरवालीचे पाय निघाले. आवाज गेला की आत! इतक्या वर्षांचा पाठ तो. काप अर्धाच झालाय, फांदी अजून वरच लटकतेय, हे डोक्यात यायच्या आधीच ती दोर हातात तसाच धरून झाडाखाली पोहोचली. पेट्रोलचं इंजिन धाडकन बंद व्हायचं तेव्हा तिची जीभही थबकायची. आज तसं काही झालं नाही, म्हणून तोंड चालूच होतं. "मेल्या, बोळे तरी नीट घालायचेस कानात. उद्या ठार बहिरा झालास म्हणजे मी कुणाशी बोलू रे? या झाडाशी?"

वर भोंग्यानं कान टवकारले. बायकोचा आवाज, आणि तो बरोबर पायाखालून! अर्ध्या कापलेल्या फांदीनं त्याच क्षणी कण्हल्यासारखा आवाज केला. त्यानं दोराला एक जबरदस्त हिसका दिला आणि ओरडला, "मागं! मागं हो!"

थांब, म्हणाला दोर, आणि ती जागच्या जागी थिजली. मागं हो, म्हणाला तो, आणि तिनं मागं उडी घेतली. फांदी कडाडून खाली आली. तिच्या चपलेच्या टोकावर पालापाचोळा उडाला, इतक्या जवळ. मास्तरीणबाईंच्या हातातलं वर्तमानपत्र गॅलरीतून खाली अंगणात पडलं.

तो कसा खाली उतरला त्याचं त्याला ठाऊक. तिच्यासमोर येऊन उभा राहिला. तिला खांद्याला धरून पुढून बघितलं, मागून बघितलं. मग दोघं त्याच पडलेल्या फांदीवर बसले.

"आवाज आला तुझा," तो म्हणाला. "म्हणून कळलं."

"मला वाटलं काम झालं. मशीन गप्प झालं ना."

"ते मधेमधे गप्पच होतं. माझ्याही ध्यानात आलं नाही की तू आवाजावर चालतेस." मग जरा थांबून म्हणाला, "तू मला मेल्या म्हणालीस."

दोरवालीनं पदर तोंडावर घेतला. "अहो, ते आपलं..."

"अरे म्हणालीस. रोज म्हणतेस?"

वरून मास्तरीणबाई म्हणाल्या, "सांगून टाका आता! मी सगळं ऐकलंय."

"रोज," दोरवाली म्हणाली.

"माझ्याशी बोलतेस?"

"मग काय झाडाशी?"

तो हसला नाही. फांदीची साल नखानं सोलत राहिला. "म्हणजे इतकी वर्षं तू खाली बोलत होतीस आणि मी वर बहिऱ्यासारखा," तो म्हणाला. त्याला तसं बघून दोरवालीला रडू कोसळलं. घाबरून आलेलं रडू नव्हतं ते. आपण जिवंत आहोत, हा समोर आहे, आणि आपण काय बोललो ते याला ऐकू आलं! आणखी काय मागायचं माणसानं? त्या प्लास्टिकच्या दांड्याच्या, खेळण्यासारख्या दिसणाऱ्या करवतीवर तिनं हात फिरवला, नातवाच्या डोक्यावरून फिरवावा तसा. लेकीला तिनं मनातल्या मनात इतके आशीर्वाद दिले, की ती पोरगी त्या वेळी गाडीत बसून शिंकली असेल.

त्या दिवशीच नवा नियम ठरला, आणि तो मात्र बसून ठरवला. काप पुरा झाला की त्यानं वरून "झालं!" म्हणायचं, तिनं खालून "आले!" म्हणायचं, आणि तोवर करवत कितीही गप्प असो, पाय हलवायचा नाही. पेट्रोलची करवत भंगारवाल्याकडे गेली. ती जाताना तो तिच्याकडे जरा वेळ बघत राहिला, नाही असं नाही. भाकरी दिली होती तिनं. पण परत आण म्हणाला नाही.

पुढचं काम एका शाळेच्या आवारात होतं. सुटीचा दिवस, सगळीकडे सामसूम. तो वर चढला, फांदीवर नीट बसला. खाली दोरवाली दोर धरून उभी, आणि तोंडाला कुलूप! सगळं ऐकू जातं म्हटल्यावर बोलायची चोरीच झाली. करवत थोडी चालली, थांबली, पुन्हा चालली. दोरवाली आपली चूप. मग करवत थांबली ती सुरूच होईना.

तिच्या हातातला दोर हलला. एक, दोन, तीन.

वरून तीन कधीच आले नव्हते. ठीक आहेस ना, हे नेहमी तीच विचारायची. तिनं मान वर केली. करवत मांडीवर ठेवून, वाकून, तो तिच्याकडे बघत होता.

"बोल की," तो म्हणाला. "मी ऐकतोय."

दोरवालीनं इकडेतिकडे बघितलं. कुणी नव्हतं. मग ती बोलली. ओरडली नाही आणि पुटपुटलीही नाही. आपण घरात शेजारी बसलेल्या माणसाशी बोलतो, तशा साध्या आवाजात म्हणाली, "तुझ्याबरोबर माझं फार बरं गेलं रे."

वर काहीच हललं नाही. पानं नाहीत, करवत नाही, तो नाही. ऐकू आलंच नसणार, तिला वाटलं. असू दे. निदान बोलून तर झालं. तिनं मान खाली घातली आणि डोळे पुसायला पदर उचलला.

तेवढ्यात तिच्या हातातला दोर हळूच ओढला गेला. दोनदा.