बुटात उगवलेली बाजरी

मित्रांनो, आज पुण्यात मुलाखतीला निघताना बुटात पाय घातला आणि लगेच बाहेर काढला.

मागच्या रविवारी पेठला, गावच्या घरी, बूट पावसात भिजले होते. ऊन नव्हतंच. आईने ओल शोषायला त्यांत बाजरीचा भुसा भरला. "जाताना नीट झटक बरं," म्हणाली. मी घाईत झटकला.

भुशात एक दाणा राहिला असणार. आज उजव्या बुटात पांढरा, नाजूक कोंब!

आईला फोन केला. ती म्हणाली, "अन्न हाय ते. त्याच्यावर पाय नको देऊ."

चपला घालूनच गेलो. साहेबांनी दोनदा पायांकडे पाहिलं. मी मात्र तेवढा वेळ मनाने आमच्या वावरात होतो.

बूट आता खिडकीत ठेवलाय. पाऊस आत येतोय, पण उचलवत नाही. एका बुटात बाजरी केवढी वाढते हो?