चोरघळ

मार्सलीच्या लहानपणी त्या घळीला पाणकावळ्यांची घळ म्हणत. स्काल्वे बेटाच्या पश्चिमेला कडा चिरून समुद्र आत घुसलेला, दोन्ही बाजूंच्या कपारींत पाणकावळे पंख पसरून बसलेले. दुसरं काय नाव ठेवणार? वरच्या गवतावर मॅकफींचं घर होतं. वारा फिरला की पाखरांच्या शिटांचा वास थेट चुलीपर्यंत यायचा, आणि मार्सलीची आई धुणं वाळत घालता घालता पाणकावळ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

बेटावर नावांना तोटा नव्हता. मोठी टोकं आणि डोंगर यांना जुन्या काळचे नॉर्स दर्यावर्दी नावं ठेवून गेले होते, त्यांचा अर्थ आता कुणालाच लागत नव्हता. मधली डबकी, खडक, वाटा यांची नावं बेटावरच्या लोकांनी ठेवलेली. बेटाचा पूर्वेकडचा भाग तेवढा निराळा. तिथली जमीन सुपीक, म्हणून आजोबांच्या काळात जमीनदारानं तिथली सगळी घरं उठवून मेंढ्या सोडल्या. घरांचे दगडसुद्धा मेंढवाड्याच्या भिंतींना वापरले. मागे नावं तेवढी उरली. डोनल्डचं अंगण, विणकरणीचं दार. अंगण नाही, दार नाही, आणि त्यावर जमीनदाराच्या मेंढ्या चरताहेत.

मार्सलीचे वडील नील मॅकफी पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढून परत आले होते. लढून या, जमीन देऊ, असं सरकारनं सांगितलं होतं. लढून आले, जमिनीचं मात्र आज बघू, उद्या बघू चाललं होतं. एकोणीसशे तेवीस साल उजाडलं ते उपास घेऊनच. आदल्या वर्षी पावसानं बटाटा जमिनीतच सडला, चुलीत जाळायचं पीट, म्हणजे दलदलीतून कापलेली माती, ओलं राहिलं, हेरिंग मासळीच्या होड्या रिकाम्या परतल्या. वस्तीतल्या प्रत्येक घरात पोरांच्या पेजेत ओट कमी आणि पाणी जास्त होत गेलं.

त्या वसंतात गावचे बाप्ये मर्डो मॅकिननच्या घरी जमले. मर्डो चर्चचा पंच, दाढीवाला, शब्दाला वजन असलेला माणूस. आमच्या आजोबांच्या चुलींवर जमीनदाराची मेंढरं माजताहेत आणि इथे पोरं सुकताहेत, असं तोच आधी म्हणाला. आणि नीलकडे वळून म्हणाला, "नील, सुरी तुझ्याइतकी कुणाची चालत नाही."

चालवली नीलनं. मेंढ्या हाकून आणल्या सगळ्यांनी, कापल्या त्यानं, पाणकावळ्यांच्या घळीत, कारण तिथे रक्त समुद्र धुऊन नेतो. मटण घरोघर गेलं. मार्सली नऊ वर्षांची होती. त्या आठवड्यात वस्तीतली पोरं किती दिवसांनी पोटभर जेवून खेळत होती, ते तिला म्हातारपणीही आठवायचं. मर्डोचा मुलगा टॉर्किल हाताला लागलेली चरबी मनगटापर्यंत चाटत त्यांच्या कुंपणावर बसला होता.

पण सगळं रक्त समुद्रानं नेलं नाही. मेंढपाळाला कातडी दिसली, मुख्य भूमीवरून होडीनं पोलीस आले. नील घळीत उतरून कातडी पुरत असतानाच सापडला. मार्सली वर कड्यावर आईच्या मागे उभी होती. तिला सगळं ऐकू येत होतं.

"बरोबर कोण होतं?" पोलिसानं विचारलं.

"कुणी नाही."

"एकट्यानं एवढी मेंढरं खाल्लीस?"

"भूक होती, साहेब," नील म्हणाला.

त्याला इन्व्हरनेसच्या तुरुंगात नेलं. होडी निघाली तेव्हा धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं. मार्सलीच्या आईनं घरोघरच्या धुराड्यांकडे बघितलं. सगळीकडे धूर होता. सगळे घरातच होते.

मग जमीनदाराचा कारभारी आला. पूर्वेकडचं मेंढ्यांचं मोठं शेत मोडून वस्तीला वाटून द्यायचं आता खरोखरच घाटत होतं. पण चोर पोसणाऱ्या वस्तीला जमीन कशी द्यायची, असं त्यानं तोंड वाकडं करून विचारलं. त्या रविवारी प्रार्थना संपल्यावर मर्डो चर्चच्या दारात उभा राहिला आणि कारभाऱ्याला ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाला, "चोर एकच होता. त्याचा आणि आमचा काही संबंध नाही." बाकीच्यांनी माना खाली घातल्या. त्यातल्या काहींनी तर होकाराची मान डोलावली.

घरी आल्यावर डोक्याचा रुमाल सोडताना मार्सलीची आई म्हणाली, "मेल्याच्या दाढीतलं मटण अजून वाळलं नव्हतं गं."

नील परत आला तेव्हा हिवाळा तोंडावर होता. पुढे शेताची वाटणी झाली. सगळ्यांना तुकडे मिळाले. शिक्षा भोगलेल्या माणसाचं नाव यादीत बसत नाही म्हणून मॅकफींना मिळाला नाही. वस्ती उठून पूर्वेला गेली. मर्डोनं नेमकं डोनल्डच्या अंगणात नवं घर बांधलं. पश्चिमेला मॅकफींचं घर एकटं उरलं.

"जाऊ दे," नील बायकोला म्हणायचा. "पोरं जगली ना?"

"जगली, आणि आता तुझ्या पोरीला दगड मारताहेत."

घळीचं नाव कधी बदललं? गोचीड चावताना कळत नाही, चिकटून फुगली की हाताला लागते, तसंच ते झालं. शाळेत आधी पोरं म्हणायला लागली. मग होड्यांवरची माणसं, जाळी कुठे टाकायची ते सांगताना. मग बायका. "चोरघळीवर ढग आलेत, धुणं काढा गं." त्यात वाकडेपणाही नव्हता, आणि मार्सलीला तेच जास्त लागायचं. शिवी दिली तर उलटून देता येते. नुसतं नाव घेतलं तर काय करणार?

एक दिवस नील बाहेरून आला, बूट काढत म्हणाला, "ती काळी मेंढी पुन्हा चोरघळीत उतरली वाटतं. दोर दे बघू."

आईच्या हातातली पळी पातेल्यावरच थांबली. मार्सलीनं मान वर केली. आपण काय बोललो ते नीलला थोड्या वेळानं उमगलं. तो तसाच एक बूट पायात, एक हातात घेऊन बसला. मग उठून दोर घेऊन गेला. पुढे दोन-तीन वर्षांत तो छातीच्या दुखण्यानं गेला. छातीत पाणी झालं असं डॉक्टर म्हणाले. मार्सलीचं मत निराळं होतं, पण तिला ते कुणी विचारलं नाही.

ती मोठी झाली. बेटावरच्या इतर मुलींबरोबर हंगामात मुख्य भूमीवरच्या बंदरांवर हेरिंग चिरायला जाऊ लागली. बोटांना चिंध्या गुंडाळून दिवसभर सुरी चालवायची. तिची सुरी सगळ्यांत वेगात चालायची; का ते कुणी बोलून दाखवत नसे. तिथेच टॉर्किल मॅकिनन तिच्या मागे लागला. तो एका होडीवर होता, उंच, हसरा, बापासारखा वजनदार बोलणारा नाही. दोन हंगाम दोघं बरोबर हिंडली. तिसऱ्या हंगामात त्यानं घरी विषय काढला आणि पडलेल्या चेहऱ्यानं परत आला.

"आई काय म्हणाली?" मार्सलीनं विचारलं.

"जाऊ दे ना."

"सांग."

"म्हणाली, चोरघळीतली मुलगी आणून माझ्या ताटात वाढायला लावतोस का." तो घाईनं पुढे म्हणाला, "अगं, जुनी माणसं आहेत. थोडं थांबू. आई गेल्यावर बघू."

"तुझी आई शंभरी गाठेल टॉर्किल. चांगलं मटण खाल्लंय तिनं."

त्याला ते कळलं. कळलं हे तिला त्याच्या डोळ्यांत दिसलं. तो म्हणू शकला असता की मीही खाल्लंय. तो म्हणाला, "तुझी जीभ फार तिखट आहे बघ." पुढच्या वर्षी त्यानं पूर्वेकडचीच एक मुलगी केली.

मार्सलीनं लग्न केलं नाही. आई होती तोवर आईचं केलं, मग मेंढ्यांचं. लोक तिला वाईट वागवत होते असं नाही. पीट कापायला मदतीला येत, तिच्याकडून लोकर घेत, आजारी पडली तर सूप पाठवत. आणि पाठवणाऱ्या पोराला सांगत, "चोरघळीवर देऊन ये रे."

अशी बरीच वर्षं गेल्यावर, मार्सलीची सत्तरी जवळ आली तेव्हा, बेटावर इतिहास मंडळ निघालं. तरुण पोरं कामाला बाहेर जात होती, घरं बंद पडत होती, आणि जे मरायला लागतं त्याची आठवण माणसं जपायला लागतात. मंडळाचा अध्यक्ष टॉर्किल. विद्यापीठातून उना नावाची एक मुलगी टेपरेकॉर्डर घेऊन आली. बेटावरच्या सगळ्या जागांची नावं गोळा करून नकाशा छापायचा आणि जागोजागी पाट्या लावायच्या असं ठरलं.

उना मार्सलीकडेही आली. चहा झाला, ओटची भाकरी झाली. मार्सली म्हणाली, "मुली, बाकीचं तू कुणालाही विचार. माझं एकच सांगणं आहे. या खालच्या घळीचं नाव पाणकावळ्यांची घळ."

उनानं कागद चाळले. "सगळ्यांनी चोरघळ सांगितलंय, आजी."

"सगळ्यांना सवय झालीय."

उनाला ते पटलं असावं. पण मंडळाचा नियम होता, जुनं नाव घ्यायचं तर निदान दोघांनी सांगायला हवं. "तुमच्या वयाचं कुणी आहे का, ज्यांना आठवत असेल?"

"एक आहे," मार्सली म्हणाली.

शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये बैठक झाली. मार्सली कधी अशा ठिकाणी जात नसे, त्या दिवशी काळा कोट घालून गेली. शेगडी पेटलेली, बायका केक कापत होत्या, टॉर्किलची नातवंडं बाकांखालून पळापळी करत होती. उनानं नकाशा भिंतीला लावला आणि एकेक नाव वाचत गेली. घळीचं नाव आलं तेव्हा मार्सली उठून उभी राहिली.

"ते नाव खोटं आहे. तेवीस सालापर्यंत ती पाणकावळ्यांची घळ होती. टॉर्किलला माहीत आहे. त्याला विचारा."

सगळे टॉर्किलकडे बघायला लागले. त्याचे केस पांढरे झाले होते. तो शेगडीकडे बघत राहिला.

"खूप जुनी गोष्ट आहे गं मार्सली," तो म्हणाला. "मला काही आठवत नाही."

"पाणकावळे आठवत नाहीत?"

"पाणकावळे काय, सगळीकडेच असतात."

कुणीतरी हसलं. मार्सलीचा आवाज चढला नाही. "मटण आठवतं का? आमच्या कुंपणावर बसून हात चाटत होतास. इथे जे जे बसलेत ना, त्या सगळ्यांच्या आईबापांनी ते खाल्लं. तुझ्या बापानं माझ्या बापाच्या हातात सुरी दिली, आणि त्याला तुरुंगात पाठवून जमीन घेतली. चोरघळ लिहायचंय ना? मग डोनल्डच्या अंगणात काय लिहिणार ते पण सांगा."

उनाचा हात टेपरेकॉर्डरवर गेला. चालू ठेवायचा की बंद करायचा तिला कळेना. मग मंडळाची चिटणीस, मर्डोच्या भावाची नात, गोड आवाजात म्हणाली, "मार्सलीआजी, आम्ही कुणाचा अपमान करत नाही हो. उलट लोकांना अशी नावं आवडतात. गोष्ट असली की पर्यटक थांबतात." आणि कुणी तरी म्हणालं, चहा गार होतोय.

दुसऱ्या दिवशी रविवार, प्रार्थनेखेरीज बेटावर कुणी घराबाहेर पडत नसे, तरी टॉर्किल चालत तिच्या दाराशी आला. मार्सली आत ये म्हणाली नाही, तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"माझी नातवंडं बसली होती तिथे," तो म्हणाला. "त्यांच्यासमोर माझ्या बापाला मी काय म्हणणार होतो?"

"मी नऊ वर्षांची होते, टॉर्किल. माझ्यासमोर माझ्या बापाला चोर म्हणालात तुम्ही सगळे."

"आता म्हाताऱ्या हाडांना कशाला…" त्यानं वाक्य अर्धंच सोडलं. "मला आठवतं गं. सगळं आठवतं."

"मला सांगून काय उपयोग? मला ठाऊकच आहे."

तिनं दार लावलं.

पाट्या लागल्या. दोन भाषांत लिहिलेली घळीची पाटी तिच्या घरासमोरच्या वळणावर रोवली. खाली बारीक अक्षरांत, एका मेंढीचोराची इथे लपायची जागा होती, असं लिहिलेलं. उनानं तिला पत्र पाठवून वाईट वाटल्याचं कळवलं, आणि आपल्या प्रबंधात दुसरं नाव तळटीपेत दिल्याचंही. मार्सलीनं ते पत्र चूल पेटवायला वापरलं. उन्हाळ्यात माणसं येऊन पाटीशेजारी उभी राहून फोटो काढायची. एका बाईनं तर तिला हाक मारून विचारलं, त्या चोराबद्दल तुम्हांला काही माहिती आहे का. मार्सली म्हणाली, "भुकेला होता."

टॉर्किल दोन वर्षांनी वारला. स्काल्वेवर मयत रस्त्यानं जाते तेव्हा प्रत्येक घराच्या दारात माणूस उभा राहतो. भांडण असो, वैर असो, दारात उभं राहायचंच. दफनभूमी पश्चिमेला, म्हणजे शवपेटी तिच्याच दारावरून जाणार होती. माणसं खांदे बदलत वळणावर आली. मार्सली खिडकीशी बसून बटाटे सोलत होती. बाहेरून दिसेल अशीच बसली होती. पडदा ओढला नाही, उठलीही नाही. माणसांची पावलं जरा मंदावली, मग पुढे गेली.

बरं वाटेल असं तिला वाटलं होतं. इतकी वर्षं ती या दिवसाची वाट बघत होती असं म्हटलं तरी चालेल. पण हातात बटाटा तसाच राहिला आणि तिला आठवला तो हेरिंगच्या बंदरावरचा हसरा पोरगा, तिच्या बोटांच्या चिंध्या सोडून नव्या बांधून देणारा. तो कुठे गेला, आणि कुणी नेला, याचा हिशेब कुणाकडे मागायचा ते तिला कळेना. तिनं बटाटे पातेल्यात टाकले. एका माणसाला लागतील त्याहून बरेच जास्त सोलले गेले होते.